अडवणाऱ्यांचा काळ

१९८३-८४ च्या हंगामात बर्फावरच्या हॉकीतल्या एडमंटन ऑइलर्स या एकट्या संघाने ८० सामन्यांत ४४६ गोल केले. सामन्यामागे साडेपाचाहून जास्त. वीस वर्षांनी, २००३-०४ मध्ये, त्याच एनएचएलमध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी ५.१४ गोल होत होते. पूर्वी एका संघाला जे एकट्याने जमत होतं, ते आता दोघांना मिळूनही जमेना. सामना तोच साठ मिनिटांचा, गोलजाळीही तीच, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच.

मी या बर्फावरच्या हॉकीबद्दल लिहितेय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन टोरांटोजवळ राहायला आले, तेव्हा या खेळाशी माझी काही ओळख नव्हती. इथे हिवाळ्यात शनिवारी रात्री घरोघरी टीव्हीवर हॉकी लागलेली असते, तशी आमच्याकडेही लागायची. मी मन लावून बघायचे. वेग विलक्षण, धडका कानठळ्या बसवणाऱ्या, पण घडत मात्र काहीच नसायचं. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, मधल्या पट्ट्यात यायचा, कुणीतरी अडवायचं, पक मागे. पुन्हा यायचा, पुन्हा मागे. शेजारचे एक आजोबा लहानपणापासून हॉकी बघत आलेले. एकदा त्यांना विचारलं, हे असंच असतं का? ते म्हणाले, "आम्ही बघायचो तेव्हा असं नव्हतं. तुला नेमका वाईट काळ मिळालाय." मग हे असं का झालं, ते शोधायचा मला नादच लागला.

आजोबांचा काळ म्हणजे ऐंशीचं दशक. १९८१-८२ मध्ये सामन्यामागे आठ गोल होत होते आणि ऑइलर्सच्या वेन ग्रेट्स्कीने एका हंगामात ९२ गोल केले होते. त्यातले पहिले पन्नास तर अवघ्या ३९ सामन्यांत. १९९२-९३ पर्यंतसुद्धा सरासरी सातच्या वर होती. त्या वर्षी चौदा खेळाडूंनी पन्नास गोलांचा टप्पा गाठला आणि टेमू सेलाने या फिनलंडच्या पोराने पहिल्याच हंगामात ७६ गोल केले. आणि पाचच वर्षांत, १९९७-९८ मध्ये, सरासरी सव्वापाचवर आली. खेळ हळूहळू म्हातारा व्हावा तसं हे झालेलं नाही. कुणीतरी नळ बंद केला.

कोणी केला? इथल्या गप्पांत एक उत्तर ठरलेलं असायचं: संघ फार झाले, चांगले खेळाडू विखुरले. १९९०-९१ मध्ये २१ संघ होते, २००० पर्यंत ते ३० झाले, हे खरंच आहे. पण मला हे उत्तर कधी पटलं नाही. १९७९ मध्ये दुसऱ्या एका लीगचे चार संघ एनएचएलमध्ये सामावून घेतले, तेव्हा गोल वाढले होते. शिवाय दुबळे खेळाडू आले तर ते फक्त आक्रमणातच कसे येतील? बचावातही यायला हवेत. आणि याच वर्षांत सोव्हिएत संघ कोसळून रशियाचे, चेक, स्लोवाक असे अव्वल खेळाडू पहिल्यांदाच मोकळेपणाने इकडे येत होते. गुणवत्ता कमी झालेलीच नव्हती. उलट ती कधी नव्हे एवढी होती, आणि म्हणूनच हा काळ मला जास्त लागतो.

नळ बंद करणाऱ्यांत पहिलं नाव घ्यावं लागतं ते जाक लमेअर यांचं. खेळाडू म्हणून हा माणूस सत्तरच्या दशकातल्या माँट्रिआलच्या त्या भन्नाट आक्रमक संघातला, आठ वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला. न्यू जर्सी डेव्हिल्सचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी जी पद्धत बसवली तिला सगळे ट्रॅप म्हणतात. ती त्यांनी शोधलेली नव्हती, पण इतक्या शिस्तीने आधी क्वचितच कुणी राबवली असेल.

हा सापळा समजून घ्यायला सोपा आहे. बर्फाचे तीन भाग असतात. दोन टोकांना निळ्या रेषांपलीकडचे दोन्ही संघांचे भाग आणि मध्ये एक तटस्थ पट्टा, त्याच्याही मधोमध लाल रेष. समोरचा संघ स्वतःच्या भागातून पक घेऊन निघाला की त्याच्यावर धावून जायचं नाही. आपला एकच गडी पुढे ठेवायचा. त्यानेही पक काढून घ्यायला जायचं नाही, पकवाल्याला फक्त एका कडेला ढकलत न्यायचं. बाकीचे चौघे मधल्या पट्ट्यात आपापली जागा धरून उभे. त्या काळच्या नियमाप्रमाणे आपल्या भागातून थेट लाल रेषेपलीकडे पास देता येत नसे, त्यामुळे सापळा ओलांडून लांब पास टाकायची सोय नाही. पकवाल्यासमोर कडेची भिंत, समोर एक माणूस, बाजूला एक माणूस. तो चुकतो, नाहीतर पक पुढे भिरकावून देतो. चुकण्याची वाट बघणं हीच इथली चाल.

त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट चालायची आणि ती मला सापळ्यापेक्षा जास्त खटकायची. वेगाने निघालेल्याला स्टिकने अडकवायचं, जर्सी धरायची, पोटाला स्टिक लावून लोंबकळायचं. नियमात हे सगळं गुन्हाच होतं, पण पंचांनी शिटी वाजवणं सोडून दिलं होतं. पिट्सबर्गचा मोठा खेळाडू मारिओ लेम्यू यावर वर्षानुवर्षं उघड बोलत राहिला. लेम्यूसारखा माणूस, १९९२-९३ मध्ये कॅन्सरवर उपचार घेऊन परत येऊन १६० गुण (स्वतःचे गोल आणि गोल होणारे पास मिळून) करणारा, बर्फावर असायचा आणि त्याच्या पाठीवर कुणीतरी स्वार झालेलं असायचं. १९९७ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा दुखऱ्या पाठीइतकाच हा वैतागही त्याच्या मनात होता.

१९९५ च्या अंतिम फेरीत डेव्हिल्ससमोर डेट्रॉइट होतं, त्या मोसमातला सगळ्यात भारी संघ. डेव्हिल्सनी चारही सामने जिंकले आणि डेट्रॉइटला चार सामन्यांत मिळून सात गोल करू दिले. बारा वर्षांपूर्वी हाच डेव्हिल्सचा संघ ऑइलर्सकडून १३-४ असा हरला होता आणि ग्रेट्स्की त्यांच्याबद्दल नको ते बोलून गेला होता, मग त्याने माफीही मागितली. अशा मार खाल्लेल्या संघाने मार न खाण्याचं शास्त्र शिकून घ्यावं यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण नंतर प्रत्येक संघाला कळलं की चॅम्पियन होण्यासाठी ग्रेट्स्की असावा लागत नाही.

गोलरक्षकांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. जुन्या गोलरक्षकाचे पायातले पॅड चामड्याचे, आत हरणाचे केस भरलेले. तिसऱ्या सत्रापर्यंत पाणी आणि घाम पिऊन ते जड व्हायचे. त्यामुळे तो उभा राहूनच खेळायचा, पायाने ढकलायचा, स्टिकने अडवायचा. मग पॅडमध्ये हलका कृत्रिम फोम आला. १९८९ मध्ये पॅडची रुंदी दहा इंचांवरून बारा करायची मुभा मिळाली. छातीचं, खांद्यांचं, हातांचं चिलखत फुगत गेलं. आणि याच सुमारास माँट्रिआलमध्ये फ्रान्स्वा अलेअर नावाचा प्रशिक्षक गोलरक्षक पॅट्रिक रुआला एक पद्धत घोटून घोटून शिकवत होता: फटका यायच्या आधीच गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवायचे आणि जाळीचा खालचा भाग सबंध बंद करून टाकायचा. पसरलेल्या पायांच्या आकारावरून तिला बटरफ्लाय म्हणतात. बहुतेक गोल बर्फालगत होतात, हे त्यामागचं साधं गणित. तंत्र नवं नव्हतं, पन्नासच्या दशकातला ग्लेन हॉल असाच खाली बसायचा. पण हॉलकडे हलके पॅड नव्हते, चेहऱ्यावर मास्कही नव्हता. पकसमोर तोंड खाली नेणं म्हणजे काय, याची नुसती कल्पना करून बघावी.

परिणाम आकड्यांत दिसतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शंभर फटक्यांतले साधारण बारा-तेरा आत जायचे. २००३-०४ मध्ये नऊच्या आसपास. फटक्यांची संख्या त्या मानाने फार घटलेली नव्हती. म्हणजे सापळ्यावर जेवढं खापर फोडलं गेलं, त्यातलं बरंचसं खरं तर या पॅडवर आणि या गुडघ्यांवर फुटायला हवं होतं.

माझी मुलगी काही वर्षं वस्तीतल्या लहान मुलांच्या लीगमध्ये खेळली. शनिवारी उजाडायच्या आत रिंकवर जायचं, लाकडी बाकावर कॉफीचा कप धरून कुडकुडत बसायचं. त्यांच्या गटात समोरच्या संघात एक मुलगी होती, दहा वर्षांची असेल. तिच्या स्टिकवर पक आला की बाकावरचे आईबाप, कोणत्याही संघाचे असोत, बोलायचे थांबायचे. ती पक बघायचीच नाही, समोरच्या गड्याच्या गुडघ्यांकडे बघायची आणि तो ज्या पायावर भार देईल त्याच्या उलट बाजूने निसटायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या प्रशिक्षकांनी एका सरावात छोट्या पांढऱ्या पाटीवर रिंक काढली, पाच फुल्या मारल्या आणि आमच्या मुलींना सांगितलं, तिच्या मागे धावू नका, या फुलीवर उभ्या राहा आणि तिला कडेला जाऊ द्या. एका तासात मुली ते शिकल्या. पुढच्या सामन्यात त्या पोरीला एकही गोल करता आला नाही. आम्ही जिंकलो. माझी मुलगी आनंदाने नाचत होती आणि मी तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत तिचं कौतुक करत होते, पण मला त्या दुसऱ्या मुलीकडे बघवत नव्हतं.

अडवणं एका तासात शिकवता येतं, हे मला तेव्हा नीट कळलं. निर्माण करणं शिकवायला वर्षं लागतात आणि बऱ्याचदा ते शिकवता येतच नाही. प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या दहा सामन्यांवर अवलंबून असेल तर तो काय शिकवेल हे सांगायला नको. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून निर्माण करणाऱ्याची बाजू नियमांनीच घ्यावी लागते, दुसरं कुणी घेणार नाही. आपल्या कबड्डीत प्रो कबड्डीवाल्यांनी हेच ओळखलं: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आण, नाहीतर बाद हो. वेळ काढणाऱ्याची सोय बंद झाली आणि खेळाला रंग चढला.

याचा अर्थ मी गोलरक्षकांच्या विरोधात आहे असं मुळीच नाही. माझा सगळ्यात आवडता खेळाडू गोलरक्षकच आहे, डॉमिनिक हाशेक. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाची उपांत्य फेरीत कॅनडाशी गाठ पडली. सामना १-१, मग शूटआउट. पाच कॅनेडियन एकामागून एक आले आणि हाशेकने पाचही परतवले. ग्रेट्स्कीला प्रशिक्षकांनी पाठवलंच नाही. हाशेकची कुठलीच पद्धत नव्हती. तो लोळायचा, कोलांट्या मारायचा, हातातली स्टिक टाकून देऊन स्टिकच्याच हाताने पक उचलायचा. समोरचा काय करणार हे तो वाचायचा आणि त्याला उत्तर त्या क्षणी घडवायचा. तीही निर्मितीच. ठरलेल्या कोनात बसून पक अंगावर आदळण्याची वाट बघणं आणि हे, दोन्हींची गणना आकडेवारीत एकाच रकान्यात होते, याला माझा इलाज नाही.

त्या शूटआउटमध्ये शेवटी आलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला कॅनेडियन होता ब्रेंडन शॅनाहन. पुढे त्याचं नाव या गोष्टीत वेगळ्या कारणाने येतं.

२००३-०४ हा तळ होता. त्या वर्षी सर्वाधिक गोलांचा मान तिघांना विभागून मिळाला, जरोम इगिनला, रिक नॅश आणि इल्या कोवल्चुक, प्रत्येकी ४१. ग्रेट्स्कीच्या ९२ च्या निम्मेही नाहीत. त्याआधीच्या वसंतात तर मिनेसोटाचा संघ उपांत्य फेरीतल्या चार सामन्यांत मिळून एकच गोल करू शकला होता. समोर अॅनाहाइमचा जाँ-सेबास्तिआँ जिगेअर जाळीत होता. आणि मिनेसोटाचे प्रशिक्षक होते जाक लमेअर.

मग मालक आणि खेळाडू यांच्यातलं पगाराचं भांडण इतकं चिघळलं की २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. इथे ते वर्ष घरातलं कुणी गेल्यासारखं गेलं. पण त्याच रिकाम्या हिवाळ्यात, डिसेंबर २००४ मध्ये, शॅनाहनने टोरांटोत खेळाडू, प्रशिक्षक, पंच अशा सगळ्यांना दोन दिवस एकत्र बसवलं आणि विषय एकच ठेवला: हा खेळ पुन्हा बघण्यासारखा कसा करायचा. त्यातून आणि नंतरच्या चर्चांतून जे निघालं ते २००५-०६ मध्ये लागू झालं. लाल रेषेवरच्या पासची बंदी उठली. पॅड अकरा इंचांचे झाले. गोलरेषा दोन फूट मागे सरकवली आणि आक्रमणाची जागा वाढवली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पंचांना सांगण्यात आलं की पुस्तकात आहे ते शिटीत उतरू द्या. धरलं की पेनल्टी, म्हणजे तो खेळाडू काही वेळ बाहेर, लोंबकळलं की पेनल्टी. गोल एकदम सहाच्या पुढे गेले. मी त्या वर्षी ज्या आवडीने हॉकी बघितली, तशी आधी कधीच बघितली नव्हती.

हे आधीही एकदा घडलेलं आहे. १९२८-२९ मध्ये एनएचएलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे तीन गोलसुद्धा होत नव्हते. माँट्रिआलच्या जॉर्ज हेन्सवर्थने ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. कारण आक्रमणाच्या भागात पुढे पास द्यायलाच परवानगी नव्हती. पुढच्या हंगामात ती दिली आणि गोल एवढे वाढले की खेळाडू जाळीसमोर ठाण मांडून बसायला लागले, मग हंगाम चालू असतानाच, डिसेंबरमध्ये, ऑफसाइडचा नियम, म्हणजे पकच्या आधी आक्रमणाच्या भागात शिरायची बंदी, आणावा लागला. तरीही वर्षअखेर गोल दुप्पट. हेन्सवर्थ बावीसवरून चारवर आला. तो काही एका उन्हाळ्यात वाईट गोलरक्षक झाला नव्हता.

पण डोकी कामाला लागलेलीच असतात. लाल रेषेवरच्या पासची बंदी गेली तरी सापळा नव्या मांडणीत परत आला. ९ नोव्हेंबर २०११ ला टँपा बेने फिलाडेल्फियासमोर एक-तीन-एक (एक पुढे, तिघे मधल्या पट्ट्यात ओळीने, एक मागे) अशी भिंत उभी केली. फिलाडेल्फियाने ठरवलं, आम्ही भिंतीवर डोकं आपटणार नाही. त्यांचा क्रिस प्राँगर स्वतःच्या भागात पक घेऊन उभा राहिला. टँपाचे लोक त्याच्याकडे येईनात, तो पुढे जाईना. हजारो लोकांसमोर दहा व्यावसायिक खेळाडू बर्फावर नुसते उभे. शेवटी पंचांनी शिटी वाजवून खेळ थांबवला. दोष कुणाचा यावर इथे खूप वाद झाले. मी प्राँगरच्या बाजूची आहे. जे चाललं होतं ते त्याने लपवायचं सोडून दिलं, एवढंच.

शिट्याही पुन्हा कमी झाल्या. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाला सामन्यामागे जवळजवळ सहा पॉवर प्ले (पेनल्टीमुळे समोरचा एक गडी कमी असताना खेळायची संधी) मिळायचे, दहा वर्षांत ते तीनवर आले. फटक्यांसमोर अंग टाकणं हे तर बचावाचं रोजचं काम होऊन बसलं. २०१४-१५ मध्ये जेमी बेन ८७ गुणांवर लीगमध्ये पहिला आला. पूर्ण हंगामात इतक्या कमी गुणांवर पहिला येणारा त्याआधीचा माणूस १९६७-६८ मधला स्टॅन मिकिटा. गोलजाळीच मोठी करा, असं तेव्हा माइक बॅबकॉकसारखा नावाजलेला प्रशिक्षकसुद्धा बोलू लागला. जाळीला हात लावायला माझा विरोध होता आणि आहे. मोठं झालं होतं ते चिलखत, तेच कमी करायला हवं होतं. आणि पुढे केलंही तेच: २०१७ मध्ये गोलरक्षकाची पँट आटोपशीर झाली, २०१८ मध्ये छातीचं चिलखत. हातांवर स्टिक मारणाऱ्यांना पेनल्टी लागायला लागली. मग लहान चणीच्या, चपळ पोरांना संघात जागा मिळू लागली आणि २०२२-२३ मध्ये सरासरी सव्वासहाच्या पुढे गेली. कॉनर मॅकडेव्हिडने त्या वर्षी १५३ गुण केले.

अॅलेक्स ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा विक्रम मोडला, तोही १,४८७ व्या सामन्यात. ग्रेट्स्कीची कारकीर्दही बरोबर १,४८७ सामन्यांचीच होती. ओवेचकिनचा पहिला हंगाम २००५-०६, म्हणजे नियम बदलून खेळ मोकळा झाला तेव्हाचा, पण त्याचे कितीतरी गोल त्यानंतरच्या कंजूष वर्षांतले आहेत. आठ गोलांच्या काळातले ८९४ आणि साडेपाच गोलांच्या काळातले ८९५ यांत मला दुसरा आकडा फार मोठा वाटतो. ग्रेट्स्कीची महती त्याने कमी होत नाही, त्याने स्वतः केलेल्या गोलांपेक्षा गोल होणारे पास जास्त दिले आणि त्या बाबतीत त्याच्या आसपासही कुणी नाही.

आता माझी तक्रार प्लेऑफपुरती, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांपुरती, उरलीय. हंगामभर ज्याला पेनल्टी लागते तेच धरणं, तेच अडकवणं एप्रिल उजाडला की चालून जातं, कारण मोठ्या सामन्याचा निकाल पंचांनी ठरवू नये असा एक समज इथे पक्का बसलाय. शिटी न वाजवणं हाही निर्णयच असतो आणि तो दर वेळी अडवणाऱ्याच्या बाजूने जातो. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्रात जी पेनल्टी दिली जाते, तीच जूनमध्ये सातव्या सामन्याच्या ओव्हरटाइममध्येही दिली गेली पाहिजे.